मानाचं कापड

मे महिन्यातल्या लग्नाला पुरुषानं काय घालून जावं याबद्दल माझी मतं अगदी ठाम आहेत, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या बायकोची आहेत.

कापड सुती हवं, हे पहिलं. आमच्या नाशिककडे बरीचशी लग्नं निघतात ती द्राक्षं संपल्यावर, कांदा साठवणीच्या चाळीत गेल्यावर, म्हणजे ऊन अगदी डोक्यावर बसलेलं असतं तेव्हा. शेतकऱ्याच्या हाताला तेव्हाच सवड मिळते, त्याला इलाज नाही. रंग फिका हवा, पण पांढराशुभ्र नको, कारण आमटी वाढणारा माणूस तुमच्या सदऱ्याकडे बघत नसतो. गडद निळा तर मुळीच नको, घाम वाळला की पाठीवर मिठाचे नकाशे उमटतात. आत बनियान पाहिजेच. चप्पल जुनी चालेल, नवी चावते, आणि नवी हरवली तर माणूस जेवत नाही. सदरा पोटावर सैल असावा, कारण लग्नात पोट जेवणाआधीचं वेगळं आणि नंतरचं वेगळं. आणि खिशात दोन रुमाल. एक आपला, एक ज्याला लागेल त्याचा.

या दुसऱ्या रुमालावरून मी दर लग्नाला वाद घालायचो. "ज्याला लागेल तो आपला आणेल की," मी म्हणायचो.

"ज्याला लागतो ना, त्याच्याकडेच नसतो," ती म्हणायची आणि घडी घालून तो माझ्या खिशात सरकवायची.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. तेव्हापासून ही मतं सांगायला मला माणूस लागतो. अंबडच्या आमच्या कारखान्यात नवी पोरं लग्नाला निघाली की मी त्यांना थांबवून सांगतो, ब्लेझर घालू नका रे बाबांनो, तो फोटोपुरता असतो, बाकी दिवसभर तुम्हीच त्याला सांभाळता. पोरं हो हो म्हणतात आणि ब्लेझर घालून जातात. लग्नाचा सीझन आला की मी कपाट उघडतो आणि बराच वेळ नुसता उभा राहतो. तिची आठवण मला कुठेही येते, पण त्या उघड्या कपाटासमोर जी येते ती सोसवत नाही.

आता रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासरच्या घरी लग्न निघालं की जावयाला कपडे करायचे, ही आमच्याकडची पद्धत. जावयाला कापड, लेकीला साडी. पत्रिकेबरोबर घरची माणसं ते स्वतः घेऊन येतात, कुंकू लावून हातात देतात, आणि जावयानं ते शिवून घेऊन लग्नाला तेच घालायचं असतं. नाही घातलं तर मांडवात कुजबूज सुरू होते, की पाहुणे रुसलेले दिसतात.

माझे सासरे, आप्पा, निफाडजवळच्या एका खेड्यातले. द्राक्षबाग, थोडा ऊस. तीन लेकी, शेंडेफळ एक मुलगा. मी मधला जावई. एका जावयाला चांगलं आणि दुसऱ्याला बरं असं होऊ नये म्हणून सासरे तिघांना एकाच ताग्यातलं कापड घ्यायचे. माझं आणि धाकट्या साडूंचं लग्न एकाच मांडवात झालं होतं; त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांच्या पुतणीचं लग्न होतं. आम्हा तिघांना आलं राखाडी टेरिकॉट, सफारीसाठी. त्या काळी टेरिकॉट म्हणजे मान. सुती कापड शेतात घालायचं, ते जावयाला द्यायचं म्हणजे त्याला खुरपणीला बोलावल्यासारखं.

भर दुपारचा मुहूर्त. वर पत्र्याचा मांडव, खाली आम्ही तीन राखाडी जावई एका रांगेत उभे. एका म्हाताऱ्या वऱ्हाड्यानं आमच्याकडे बघितलं, त्याला वाटलं हे जेवणाच्या ठेक्याकडचे लोक आहेत, आणि त्यानं माझ्या थोरल्या साडूंना सांगितलं, "ए, मठ्ठा आण रं इकडं." थोरले साडू विंचूरला कांद्याचे आडते. लिलावात त्यांनी बोट वर केलं की भाव हलायचा. ते जे फुगले ते जेवायलाच बसेनात. तीन जणांनी विनवण्या केल्या, सासूबाईंनी पदर पसरला, तेव्हा कुठे बसले आणि मग जिलेबीची दोन ताटं संपवली. मी हसू दाबत होतो, पण सफारीच्या आत माझं भरीत झालं होतं. घरी आल्यावर पाठभर घामोळं. बायकोनं मुलतानी माती कालवून लावली.

पुढच्या लग्नाचं कापड आलं ते बिस्किटी रंगाचं, पुन्हा टेरिकॉट. "शिवायला टाकून येते," म्हणून ती पिशवी घेऊन गेली. सफारी शिवून आली, मी घातली, आणि मांडवात उभा राहिलो तर अंगाला वारा लागतोय.

"हे तेच कापड आहे ना?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तेच की."

"मग गार कसं लागतंय?"

"तुमचं रक्त थंड झालं असेल वयानं." माझी तेव्हा तिशीसुद्धा पुरी झालेली नव्हती.

परत येताना एसटीत तिनं कबूल केलं. कापड घेऊन ती थेट मेनरोडवर गेली होती, एका दुकानात ते बदलून त्याच रंगाच्या जवळपास जाणारं सुती घेतलं होतं आणि मग शिंप्याकडे टाकलं होतं. वडिलांना सरळ का सांगत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं तर ते तिघांचंही बदलतील, मग थोरले दाजी म्हणतील आम्हाला सुती दिलं, आणि पुन्हा रुसतील. आणि एकट्या तुमचंच बदललं तर मी नवऱ्याचे लाड मागते असं होईल. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

त्या लग्नात सासरे माझ्याजवळ आले होते. खांद्यावर हात ठेवला, सफारीचं कापड दोन बोटांत धरलं, जरासं चोळलं आणि म्हणाले, "कापड चांगलं निघालं, पाव्हणं." मला शंका आलेलीच होती, मी घाबरून तिच्याकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून हसत होती. पुढे दर लग्नात हे असंच होत राहिलं. सासरे कापडाला हात लावायचे, चांगलं निघालं म्हणायचे, आणि मी तिच्याकडे बघायचो. बिस्किटी झालं, आकाशी झालं, मोतिया झालं. सफारी जाऊन शर्ट-पँट आली. आमच्याकडच्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये बाजूचे दोन जावई चकाकत असतात आणि मधला चुरगळलेला असतो. तो मी. पण त्या फोटोंत तिघांपैकी सुखानं हसणाराही मीच आहे, बघा म्हणजे पटेल.

सासरे गेले, तरी मेव्हण्यानं रीत सोडली नाही. तो आणि त्याची बायको सिडकोतल्या आमच्या घरी यायचे, चहा व्हायचा, माझी बायको साडी उलगडून गालाला लावून बघायची. मेव्हणा माझ्या हातात कापड देऊन म्हणायचा, "दाजी, गोड मानून घ्या." ती साडीच्या आडून माझ्याकडे बघायची, आणि मला कळायचं की उद्या मेनरोड.

या वर्षी लग्न निघालं ते मेव्हण्याच्या स्वतःच्या लेकीचं. म्हणजे आमच्या हिची लाडकी भाची. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. दोन दिवसांनी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, घरचंच कार्य हाय, आदल्या दिशीच या," म्हणाला. येतो म्हणालो. इकडचं तिकडचं बोलणं झालं, बागेला यंदा डाऊनी रोग लय होता म्हणाला, आणि फोन ठेवला. घरी येतो असं काही बोलला नाही.

मी वाट बघू लागलो. रविवारी दारात गाडी थांबल्यासारखं वाटलं की गॅलरीत जायचो. चहाची भुकटी संपत आली होती तर जास्तीची आणून ठेवली. आता वाटतं हसावं, तेव्हा हसू येत नव्हतं. जावई असतो तो लेकीमुळे. लेकच राहिली नाही तर तो त्या घरचा कोण? हे विचारायचं तरी कुणाला. मला कापड नको होतं. कपाटात शर्टांची थप्पी आहे, आणि या वयात मला कोण बघतंय. त्या घरानं मला अजून धरलंय की सोडलंय, एवढंच मला हवं होतं, आणि ते कळायला आमच्याकडे कापडाखेरीज दुसरी खूण नाही. तिच्या माहेरी माझ्याशी तिच्याबद्दल बोलणारी माणसं आहेत. तिच्या लहानपणाच्या गोष्टी तिथेच आहेत. ते दार लोटलं गेलं तर ती मला आणखी एकदा गेल्यासारखी होणार होती.

अशात विंचूरहून थोरल्या साडूंचा फोन. "काय पाव्हणं, कपडे आले का?"

मी एका दमात म्हणालो, "आले."

"पिस्ता ना? आमचंबी पिस्ताच हाय. कुर्त्याचं. पोरीनंच ठरवलं म्हणं, घरचे सगळे गडी पिस्ता रंगात. चकाकतंय मात्र असं, की लांबून कळंल जावई आले."

"पिस्ताच," मी म्हणालो.

फोन ठेवला. म्हणजे त्यांचे आले होते, आणि मी आता खोटं बोलून बसलो होतो. दुसरा रंग घालून गेलो असतो तर साडूंनी सगळ्या मांडवासमोर विचारलं असतं, आणि मग मेव्हण्याची मान खाली गेली असती आणि माझी त्याहून खाली. असं कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण मी केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि स्वतःचा मान विकत आणायला मेनरोडवर गेलो.

दुकानदारानं विचारलं, "मानपानाचं का, काका?"

"हो. मानाचंच."

"पिस्त्यात सुती दाखवू? उन्हाळा आहे."

हात पुढे होत होता. पण साडूंचं चकाकत होतं. माझं तसंच दिसायला हवं होतं, नाहीतर एवढी यातायात कशाला. मी म्हणालो, चकाकणारं दाखवा. त्यानं तागा उलगडला. नावाला सिल्क, धाग्यात प्लास्टिक. इतकी वर्षं तिनं जे कापड माझ्या अंगाला लागू दिलं नव्हतं तेच मी स्वतःच्या हातानं मापून घेतलं.

"सोबत साडी दाखवू का?" बांधता बांधता तो म्हणाला. "लोक दोन्ही नेतात."

नको म्हणालो आणि पिशवी घेऊन बाहेर आलो. मेनरोडवर गर्दी होती, बायका रंग जुळवत होत्या. मला त्या क्षणी ती इतकी हवी होती, की पिशवी हातातून ओढून घेऊन, "द्या इकडं, बदलून आणते," एवढं म्हणायला तरी.

हळद आदल्या दिवशी होती. कामाचं निमित्त सांगून मी गेलो नाही. लग्नाच्या दिवशी मात्र कुर्ता घातला, खिशात दोन रुमाल घातले, ते हात आपोआप करतात, आणि निघालो. लग्न चांदोरीच्या पुढे रस्त्यालगतच्या एका लॉन्सवर होतं. हिरवळ नावापुरती, बाकी पत्रे, पडदे आणि चार मोठे कूलर, ज्यांच्यासमोर नवरदेवाचे मित्र ब्लेझर घालून उभे होते. गाडीतून उतरेपर्यंतच माझ्या पाठीला कुर्ता चिकटला होता. दोघे साडू पिस्ता रंगात चकाकत उभे होते. थोरल्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जरा गडद वाटतंय का तुमचं?"

"उन्हानं वाटतंय," मी म्हणालो.

मेव्हणा दारातच होता, फेटा बांधलेला, डोळे जागरणानं तांबडे, येईल त्याला हात जोडत होता. मला बघून पुढे आला आणि थांबला. त्याची नजर माझ्या कुर्त्यावर. मी काहीतरी बोलणार होतो, सजावट छान झाली वगैरे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, कापड दोन बोटांत धरलं आणि चोळलं. अगदी त्याच्या वडिलांसारखं.

"दाजी, माझ्यासंगं चला जरा."

"अरे, मुहूर्ताला थोडाच वेळ आहे."

"चला म्हणलं ना."

गाड्या लावल्या होत्या तिकडे मला घेऊन गेला. आपल्या गाडीपाशी थांबून विचारलं, "हे कुठनं आणलं?"

"मेनरोडवरून."

"का?"

मी पाठीला चिकटलेला कुर्ता सोडवू लागलो. त्यानं गाडीची डिकी उघडली, आत पत्रिकांचे उरलेले गठ्ठे होते, ते बाजूला केले आणि खालून एक पिशवी काढली.

"हे तुमचं. महिना झाला गाडीत फिरतंय," तो म्हणाला. "दोनदा निघालो तुमच्याकडं. एकदा हितनंच, चांदोरीवरनं माघारी फिरलो. एकदा पार नांदूर नाक्यापोहोत आलो, टपरीवर चहा घेत बसलो, अन् तसाच माघारी. नुसतं एक कापड घिऊन तुमच्या दारात कसा उभा राहू, दाजी? अन् साडी आणली तर कुणाच्या हातात देऊ?"

पिशवीत वर पिस्ता रंगाचं कापड होतं. खाली मोरपंखी साडी होती.

"दुकानदारानं नेहमीवानी दोन्ही बांधलं," तो म्हणाला. "मला नको म्हणवलं नाय."

मी कापडाला हात लावला. लावताक्षणी कळलं.

"हे सुती आहे," मी म्हणालो. "त्या दोघांचं तर..."

"त्यांचं येगळं. तुमचं पहिल्यापासनं येगळंच हाय ना." त्यानं फेटा जरा मागे सरकवला. "आप्पांना पहिल्याच साली कळलं हुतं. शेतकऱ्याच्या बोटाला कापूस कळत नाय व्हय? आम्हाला सांगून ठेवलेलं, कुणी बोलायचं नाय."

"मग मला सुतीच का नाही दिलं त्यांनी? इतकी वर्षं तिची मेनरोडची खेप तरी वाचली असती."

"मी बी हेच म्हणलो हुतो आप्पांना. म्हणले, राहू दे. लेक जाती, बदलून आणती, कुणाला कळलं नाय म्हणून हसती. तेवढं तिचं तिला असू दे."

मला ती दिसली, बायकांच्या घोळक्यात, पदर तोंडाला लावलेली. सासरे कापड चोळत होते ते तिला हसवण्यासाठी. आणि मी तिकडे घाबरून घामाघूम होत होतो, सुती घालून.

"आता बदलून आणायला ताई नाय," मेव्हणा म्हणाला. "म्हणून यंदा मीच सुती घेतलं."

एवढं बोलला आणि त्याचा बांध फुटला. लेकीचं लग्न, तोंडावर मुहूर्त, आणि हा डिकीला टेकून रडायला लागला, फेट्याचा शेमला पुढे येऊन गळ्यात पडलेला. त्यानं सदऱ्याचे खिसे चाचपले. एकात अक्षता होत्या, दुसऱ्यात किल्ल्या.

मी माझे डोळे पुसले आणि दुसरा रुमाल काढून त्याला दिला. आत मंगलाष्टकांचा भोंगा सुरू झाला, कुणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं. त्यानं तोंड पुसलं, फेटा नीट केला, आणि रुमाल घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवून दिला.

"गोड मानून घ्या, दाजी," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं मांडवाकडे निघालो.

कापड मी आमच्या सिडकोतल्या शिंप्याकडे टाकलंय. साडी तिच्या कप्प्यात ठेवली आहे. रुमाल अजून त्याच्याकडेच आहे, मी मागितलेला नाही.